वर नेलेला पाला

हिरुलीच्या ओसरीच्या आढ्याला विळे टांगलेले असत आणि त्यांतला एकही तिचा नव्हता. देवीच्या वनात विळा घेऊन शिरलेली बाई सापडली, की हिरुली तो तिच्या हातातून काढून घ्यायची आणि घरी आणून लटकवायची. मग ती बाई चार दिवस घुश्श्यात आणि पाचव्या दिवशी ताकाचा तांब्या घेऊन दारात हजर. हिरुली ताक प्यायची, बाईच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी करायची, पण विळा द्यायची नाही. देवीनं सांगितलं तर देते, एवढंच म्हणायची. देवी कुणाच्या बाजूची आहे, हे सगळ्या सिमखेत गावाला ठाऊक होतं.

ती वनपंचायतीची सरपंच होती. ही सरपंचकी म्हणजे मानाचं पान कमी आणि शिव्याच जास्त. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कुंदन रुद्रपूरला कारखान्यात, घरात सून खष्टी आणि दोन नातवंडं. हिरुलीची जीभ तिखट होती आणि पाय तिच्याहून तिखट. साठी उलटली तरी चढावर ती कुणाला पुढे जाऊ देत नसे. वन देवीला वाहायची कल्पनाही तिचीच. आमच्याकडं ही रीतच आहे. माणसाचा माणसावर विश्वास राहिला नाही, की वन देवीच्या नावानं करून टाकायचं. सीमेवरच्या झाडांना लाल चिंध्या बांधायच्या, देवळात घंटा चढवायची आणि ठरलेली वर्षं संपेपर्यंत फांदीलासुद्धा हात लावायचा नाही. पोलिसाला न भिणारा माणूस देवीला भितो. सिमखेतानं आपल्या डोक्यावरचा सगळा उतार दहा वर्षांसाठी देवीला दिला होता.

उताराच्या माथ्यावर जुनं बांजाचं, म्हणजे ओकचं, वन शिल्लक होतं. काळपट, दाट, खालून ओलं. त्याच्या खाली गावापर्यंत सगळा चीड, म्हणजे पाइन, उभा होता. चिडाची झाडं उंच आणि सरळ, पण त्यांच्याखाली सुयांसारख्या वाळक्या पानांचा तांबूस थर सोडला तर काही उगवत नसे. हा चीड लावणाऱ्यांत हिरुली होती. सतराव्या वर्षी ती लग्न होऊन आली, त्याच हिवाळ्यात कुणा ठेकेदाराच्या माणसांनी त्या उतारावरचा बांज कोळशासाठी तोडला आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागी चीड लावायला गावच्या बाया मजुरीवर घेतल्या. नवी नवरी, अंगात जोर, सासूसमोर कामसू दिसायची हौस. तिनं इतरांच्या दुपटीनं रोपं लावली. चीडही तिच्यासारखाच निघाला, कुणालाही न विचारता वाढला.

आणि त्याबरोबर नौला आटत गेला. गावाच्या पश्चिमेला उताराच्या पायथ्याशी दगडी पायऱ्यांचा तो झरा होता. वर छत, आत कोनाड्यात विष्णूची झिजलेली मूर्ती. हिरुली नवरी म्हणून त्याच्या पाया पडायला गेली, तेव्हा वरच्या पायरीवर बसूनच घागर बुडवता येत होती. आता ज्येष्ठात पोटावर आडवं होऊन वाटीनं पाणी काढावं लागे आणि मग पुढची वाटी साठेपर्यंत वाट पाहत बसावं लागे. पाण्यापायी गावातली निम्मी घरं बंद पडली होती. हिरुली हे दुसऱ्या कुणाजवळ बोलत नसे, पण खष्टीला एकदा म्हणाली होती, की तो नौला मी माझ्या हातानं आटवला.

खष्टी मोजकं बोलणारी. कुंदन दर होळीला येई आणि खाली चला म्हणे. एक खोली आहे, नळ आहे, मुलांना चांगली शाळा आहे. खष्टीला खोली नको होती. तिला तिच्या दोन म्हशी, मंडुव्याची, म्हणजे नाचणीची, शेतं आणि सकाळचं ऊन हवं होतं. पण सासूला ती इजा म्हणे, आईला म्हणतात तसं, आणि तिनं तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "इजा, पाणी असेल तोवर मी इथंच. पाणी गेलं, की मला थांब म्हणायचं नाही." हिरुलीनं मान हलवली होती. तिला काय करायचं ते त्याच दिवशी पक्कं झालं. चीड जायला हवा आणि बांज परत यायला हवा, तोही तिचे डोळे मिटायच्या आत.

त्याच सुमारास कंचन उप्रेती गावात आली. अल्मोड्याची मुलगी, मातीचा अभ्यास करणारी. तिच्याजवळ लोखंडाची एक पोकळ नळी होती. ती जमिनीत ठोकायची, मातीचा लांबट गोळा बाहेर काढायचा, तुकडे करून पिशव्यांत भरायचे, हे तिचं काम. ती हिरुलीकडेच उतरली. एवढं शिकून माती खणायला आली, आम्ही न शिकताच खणतो, म्हणून बायांनी तिची भरपूर थट्टा केली. ती हसली आणि मंडुव्याची भाकरी दोन घास जास्तच खाऊ लागली, म्हणून हिरुलीला आवडली.

एक दिवस तिनं हिरुलीला वर नेलं. बांजाखाली नळी ठोकून दाखवली, तर कोपरापर्यंत काळी माती, दाबली की पाणी सुटेल अशी. चिडाखाली ठोकली, तर वरची वितभर काळी आणि खाली पिवळट. पण तीही वितभर माती चिडाची नव्हेच, कंचन म्हणाली. ती जुन्या बांजाची. शेकडो वर्षं पानं पडली, मुळं कुजली, त्यांतला कार्बन मातीत मुरत गेला, तोच हा काळा रंग. उभ्या झाडांत जेवढा ऐवज आहे, त्याहून जास्त या खाली आहे, आणि पाणी धरून ठेवतो तोही हाच.

"म्हणजे पुरून ठेवलेलं सोनं," हिरुली म्हणाली.

"सोनं नाही, आमा. सोनं उघडं पडलं तरी जागेवर राहतं. ही माती उघडी पडली, तिला ऊन लागलं, की यातला ऐवज हवेत उडून जातो. जळतोच म्हणा ना, फक्त धूर दिसत नाही."

हिरुलीला यातलं सोनं तेवढं लक्षात राहिलं. माणसाचं असंच असतं. कानात चार गोष्टी शिरतात आणि मन सोयीची एक ठेवून घेतं.

पुढच्या शरदात एक संस्था आली. चीड काढून त्या जागी बांज लावायचा, रोपं त्यांची, मजुरी त्यांची, फक्त काम दोन वर्षांत पुरं व्हायला हवं. हिरुलीला वाटलं देवीनंच धाडली. अडचण एकच होती. वन अजून देवीचं होतं आणि मुदत सरायला बरीच वर्षं बाकी होती. तेव्हा देवीलाच विचारायचं ठरलं. आमच्याकडं देवीला विचारायचं म्हणजे तांदूळ बघायचे. सिमखेतात ते काम हिरुलीचा दीर जमन सिंह करी. कोऱ्या कपड्यावर मूठभर तांदूळ टाकायचे, बोटानं चाळायचे आणि दाणे कसे पडले त्यावरून सांगायचं. जमन सिंह मनानं चांगला माणूस. पण त्याच्या तांदळांनी भावजयीला नाही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तांदूळ हो म्हणाले.

मात्र एक अट निघाली. तीही नवी नव्हे, गावाची जुनी रीत. देवीपुढं बळी अर्धवट सोडत नाहीत. देवीच्या जमिनीवरचं झाड तोडायचं तर बुंधा ठेवायचा नाही. कापलेल्या मानेसारखा तो देवीला बघत राहतो म्हणतात. तेव्हा चीड काढायचा तो मुळासकट आणि जमीन साफ करून द्यायची.

कंचन तेव्हा वर माथ्यावर होती. तिला कळलं तशी ती धावतच खाली आली. तोडू नका असं ती म्हणाली नाही. थोडं थोडं तोडा म्हणाली. तीन झाडांतलं एक काढा, बुंधे जागेवर राहू द्या, सुयांचा थर हलवू नका. चिडाच्या सावलीत घोट्याएवढे बांज आधीच उगवलेत. पाखरांनी बिया आणून टाकल्यात. त्यांना फक्त उजेड द्या, ते आपले आपण वर येतील. आणि खड्डे घ्यायचेच तर लहान घ्या, सगळा उतार एकदम उघडा करू नका.

"किती वर्षं लागतील?" हिरुलीनं विचारलं.

"वीस. पंचवीस."

"चेली, पोरी, एवढी वर्षं तुझ्याकडं आहेत. माझ्याकडं कुठली? आणि माझ्या सुनेकडं तर तेवढीही नाहीत." हिरुली शांतपणे बोलत होती. "शिवाय देवीला अर्धं मुंडकं देऊ का मी?"

कंचननं नळी पुसून खांद्यावर घेतली. पुस्तकातली माणसं देवीपाशी येऊन नेहमी अशी गप्प होतात, आणि आपण म्हणतो जिंकलो.

त्या हिवाळ्यात सिमखेतात जत्रा भरल्यासारखं काम झालं. आजूबाजूच्या गावांची माणसं आली. चीड पडले. मग बुंध्यांभोवती खणून, पहारी घालून, दोर बांधून मुळं उपटली. एकेक मूळ जमिनीतून निघताना कापड फाटल्यासारखा आवाज येई. हिरुली जातीनं उभी राहून एकही बुंधा राहू देत नव्हती. सुया गोळा करून जाळल्या, म्हणजे उन्हाळ्यात वणव्याची भीती नको. मग खड्डे खणले आणि हिवाळ्याचं ऊन खायला उघडे ठेवले. सगळीकडे तसेच ठेवतात. त्या खटपटीत पाखरांनी लावलेले ते घोट्याएवढे बांजही उपटून गेले. तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं. उतार काळाभोर दिसत होता. त्याचा वास गावात येत होता आणि म्हातारी माणसं तो वास घेऊन खूश होत होती. जमन सिंहानं त्या मातीचा टिळा लावून घेतला. एकटी कंचन ओसरीत बसून पिशव्यांना दोरे बांधत होती आणि जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणत होती.

पहिल्या पावसाळ्यात बांजाची रोपं लागली आणि नौल्याला पाणी वाढलं. खरंच वाढलं. तळ दिसेनासा झाला, एक पायरी बुडाली. पाणी पिणारा चीड गेला म्हणून वाढलंय, हे टिकेलच असं नाही, असं कंचननं सांगून पाहिलं. पण पाणी डोळ्यांसमोर असताना असलं कोण ऐकतो. बायांनी नौल्याची पूजा केली, हिरुलीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. होळीला कुंदन आला, पाणी पाहून गेला आणि या वर्षी काही बोलला नाही. खष्टीनं तिसरी म्हैस घेतली. हिरुलीच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुखाचं वर्ष. तिला ते मिळालं, याचं मला आजही बरं वाटतं.

मग माती बदलायला लागली. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. थंडीत ती भुसभुशीत होऊन वर उचलली गेली आणि चैत्रातल्या वाऱ्यानं उडू लागली. गावात अंगणं झाडली तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा काळी होत. वाळत घातलेले कपडे, दुधाची भांडी, मुलांची नाकं, सगळ्यांवर ती बारीक धूळ. उतार मात्र रोज थोडा फिका दिसे. वैशाखापर्यंत तो राखाडी झाला. रोपांची पानं कडांनी करपली. हिरुली रोज वर जाऊन त्यांना वाटीनं पाणी घालायची, पण जमीन पाणी आत घेत नव्हती. पाणी वरच गोळा व्हायचं आणि बाजूनं निसटायचं.

कंचननं पुन्हा येऊन नळी ठोकली. दोन दिवस ती पिशव्या भरत होती. शेवटी हिरुलीनंच चुलीपाशी तिला विचारलं, की तुझा ऐवज किती राहिला ते सांग.

"बराच गेला, आमा."

"कुठं गेला?"

कंचननं एक बोट वर दाखवलं आणि मग खाली ओढ्याकडं. हिरुली उठली आणि म्हशींना पाणी दाखवायला गेली. म्हशींनी नुकतंच पाणी प्यायलं होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात नौल्याचं पाणी काळं झालं. सर आली, की तासाभरात ते कोऱ्या चहासारखं होई आणि त्याला वनातल्या ओल्या मातीचा वास येई. गाळून घेतलं तरी रंग जात नसे. बाया म्हणायच्या, डोंगराला काहीतरी झालंय, आतून वाहतंय. पाऊस संपल्यावर पाणी निवळलं, पण त्याबरोबर कमीही झालं. हिवाळ्यात दोन पायऱ्या उघड्या पडल्या. ज्येष्ठ उजाडला तेव्हा नौला पूर्वीपेक्षाही खाली गेला होता आणि बाया पुन्हा पोटावर आडव्या होऊन वाटी घालू लागल्या. खष्टीनं तिसरी म्हैस विकून टाकली. सासूला तिनं काही बोलून दाखवलं नाही, हेच हिरुलीला जड गेलं.

एक दिवस खष्टी माथ्याच्या कडेला गवत काढत होती आणि तिचा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला. गवतानं झाकलेली भेग होती ती. गवत बाजूला करत ती पुढं गेली, तर भेग बांजाच्या वनाच्या खालच्या कडेनं उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. कडेचे दोन जुने बांज किंचित खाली झुकले होते. खष्टीनं भेगेत खडा टाकून पाहिला. मग घरी येऊन सासूला सांगितलं आणि त्या रात्री दोन्ही मुलांना घराच्या पुढच्या खोलीत, दाराजवळ निजवलं.

गावात हां हां म्हणता बातमी झाली आणि तांदूळ बघायचं ठरलं. देवळाच्या अंगणात सगळे जमले. जमन सिंहानं तांदूळ टाकले, बराच वेळ चाळले, घाम पुसला. शेवटी म्हणाला, की देवीची वस्तू वनातून बाहेर गेलीय. कुणीतरी नेलीय, थोडी थोडी करून.

एवढं पुरेसं होतं. सगळ्यांना एकदम पिशव्या आठवल्या. हिरुलीच्या गोठ्यात रचून ठेवलेल्या आणि गाडीत भरून अल्मोड्याला गेलेल्या. देवीच्या मातीचं सत्त्व या पोरीनं पोत्यांनी नेलं, म्हणूनच माती फिकी पडली. कुणी म्हणालं पिशव्या परत आणाव्यात, कुणी म्हणालं पोरीनं आजच्या आज गाव सोडावं. एकानं तिची नळी उचलून ओढ्यात फेकायला घेतली. कंचन भिंतीला टेकून उभी होती.

हिरुली नुसती गप्प बसली असती तरी पुरलं असतं. सगळं आपोआप त्या परक्या मुलीच्या गळ्यात पडलं असतं आणि हिरुली सरपंच राहिली असती. ती थोडा वेळ गप्प बसलीही. मग उठली आणि दिरासमोर जाऊन बसली.

"पिशव्यांतून माती किती गेली असेल रे, जमना? दोन टोपल्या? मुळं मी उपटायला लावली. सुया मी जाळल्या. ही पोर नको म्हणत होती, तिला गप्प मी केलं. तुझ्या तांदळांत माझं नाव नाही दिसलं?"

जमन सिंह मान खाली घालून कपड्याची घडी करत होता. "दिसलं होतं, भौजी," तो म्हणाला.

ज्यानं नळी उचलली होती, त्यानं ती हळूच भिंतीला लावून ठेवली. हिरुली कंचनकडं वळली आणि आता काय करायचं म्हणून विचारलं. कंचननं खोटी आशा दाखवली नाही. भेग चिकणमातीनं बुजवा, पाणी आत जाऊ देऊ नका. उघड्या जमिनीवर जे मिळेल ते अंथरा, पाला, शेण, काटक्या, काहीही, म्हणजे पावसाचा मार सरळ मातीवर बसणार नाही. उतार खचायचा थांबेलच असं मी सांगू शकत नाही, म्हणाली. आणि पाऊस तोंडावर आलाय.

पाला होता. गुरांखाली अंथरायला आणि खत करायला बाया वर्षभर बांजाचा गळलेला पाला गोळा करतात. प्रत्येक घराच्या मागं त्याचा ढीग असतो आणि त्या ढिगावर पुढच्या वर्षीचा मंडुवा आणि भट्ट, म्हणजे काळं सोयाबीन, पिकतात. तो पाला वर नेणं म्हणजे पुढच्या वर्षीचं शेत वर नेऊन टाकणं. एकही बाई नाही म्हणाली नाही. ज्यांचे विळे हिरुलीच्या आढ्याला होते, त्याही टोपल्या घेऊन आल्या. चढाला रांग लागली. खष्टी म्हणाली, "लग्न झाल्यापासून पाला खाली आणत्येय. आज देवीनं उलटी चालवली." बाया हसल्या. त्या दिवसांत लोक हसले ते तेवढंच. ढग रोज दुपारी दरीतून वर येत, घरांपर्यंत पोचत आणि न बरसता परत जात. ते परत गेले, की बायांचे पाय आणखी वेगानं पडत.

भेग बुजली. पण पाला निम्म्या उतारालाही पुरेना, हे लवकरच दिसून आलं. पूर्वेकडच्या निम्म्याखाली घरं होती आणि पश्चिमेकडच्या निम्म्याखाली नौला. सगळीकडे पातळ पसरला तर पहिल्याच सरीला वाहून जाईल, कंचन म्हणाली. जाड हवा. म्हणजे एकच बाजू.

टोपल्या खाली ठेवून सगळे हिरुलीकडं बघत राहिले. जमन सिंह म्हणाला, घरं काय, पुन्हा बांधता येतील. शंभर वर्षांत असा नौला कुणी बांधला का? पाणी नसेल तर घरांत करायचं काय? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पुष्कळांनी माना हलवल्या. खष्टी नौल्याच्या बाजूला उभी होती, एवढं हिरुलीनं पाहिलं.

"घरांत लेकरं निजतात," हिरुली म्हणाली. "नौल्यात कुणी निजत नाही. घरांवर टाका."

आणि पहिली टोपली तिनंच पूर्वेच्या उतारावर रिकामी केली.

पाऊस आला तो दिवसाढवळ्या, दुपारी, आणि थांबायचं नाव घेईना. सगळं गाव डोंगराच्या धारेवरच्या शाळेत जाऊन बसलं होतं. मुलं खेळत होती. मोठी माणसं खिडकीशी दाटीनं उभी होती आणि दिसत काहीच नव्हतं, नुसता पांढरा पडदा. मग जमीन पायांखाली थरथरली, जशी जड ट्रक जवळून गेल्यावर थरथरते, आणि बराच वेळ थरथरतच राहिली. म्हशी बांधल्या होत्या त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी देवीचं नाव घेतलं. हिरुलीनं धाकट्या नातवाचे कान आपल्या हातांनी झाकून धरले.

सकाळी उघडलं. पूर्वेचा उतार जागेवर होता. पाला भिजून काळा झाला होता आणि त्याच्याखालून निवळ पाणी ओघळत होतं. एकाही घराचं कौलसुद्धा हललं नव्हतं. पश्चिमेचा उतार नव्हता. माथ्यापासून खालपर्यंत पिवळा, उघडा दगड आणि नौला होता तिथं चिखलाचा ढीग. चिखल काळा होता, बांजाच्या जमिनीसारखा. ते झुकलेले दोन बांज त्यात मुळं वर करून पडले होते.

लोकांनी हिरुलीच्या पायांना हात लावला. तुझ्यामुळं लेकरं वाचली म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग घागरी घेऊन आलेल्या बाया त्या चिखलासमोर उभ्या राहिल्या. जमन सिंह आणि बाकीचे पुरुष महिनाभर खणत राहिले. नौल्याच्या छताचा एक दगड सापडला. पाणी सापडलं नाही. कधीतरी खाली, फार खाली, ओढ्याच्या तोंडाशी खडकातून नवा पाझर फुटलेला एका गुराख्याला दिसला. तिथून एक घागर आणायची तर अर्धी सकाळ जायची.

भाऊबीज झाली आणि त्या धड उभ्या घरांना एकेक करून कुलपं लागू लागली. हिरुलीनं कुणाला अडवलं नाही. तिच्या दारात येऊन लोक निरोप घेत, आणि ती सगळ्यांना विचारी, की म्हशी कुणाला दिल्या, नीट सांभाळतील ना. कंचन शेवटची येऊन गेली तेव्हा तिनं पिशव्या आणल्या नव्हत्या. दोघी ओसरीत बसून राहिल्या आणि उठताना म्हातारीनं तिला भट्टाची पुरचुंडी दिली.

मार्गशीर्षात कुंदन जीप घेऊन आला. सामान चढलं, मुलं चढली. खष्टी दारात अडली.

"इजा, तुम्हीही चला. इथं काय राहिलंय आता?"

"तू बोलली होतीस तसंच केलंस. माझा काही राग नाही," हिरुली म्हणाली. "तू जा. पोरांना गार वारा लागू देऊ नकोस."

तिनं धाकट्याची टोपी कानांवर ओढली आणि जीप वळणाआड जाईपर्यंत रस्त्यावर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी जमन सिंह तिला शोधत वर गेला. ती पूर्वेच्या उतारावर होती. बंद घरांच्या मागं उरलासुरला पाला पडला होता, तो तिनं टोपलीत भरून आणला होता आणि जिथं माती दिसत होती तिथं ती तो हातानं नीट पसरून दाबत होती. पाल्यातून चार-दोन बांजांनी जीव धरला होता, वितभर. त्यांच्याकडं ती बघतही नव्हती. जमन सिंहानं तिच्या हातातली टोपली धरली आणि म्हणाला, "पुरे आता, भौजी. कुणासाठी चाललंय हे?"

"घरं आहेत ना खाली," हिरुली म्हणाली.

जमन सिंहानं खाली पाहिलं. धूर एकाच घरातून निघत होता आणि ते त्याचं होतं.